अध्याहृत

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डेल्बर्ट ट्विगचा फोन.
'खड्डा अजून तिथंच आहे, मॅडम.
काल त्यात माझ्या नातवाची सायकल गेली,
उद्या तुमच्या खात्याची अब्रू जाईल.'

मी नोंदवहीत लिहिते : तक्रार क्रमांक एकशे बारा.
कंबरलंड, मेरिलँड. जुना राष्ट्रीय रस्ता,
उतारावर, ट्विग यांच्या फाटकासमोर.
खड्डा कुणाचा, ते मात्र लिहिता येत नाही.
शहर म्हणतं काउंटीचा,
काउंटी म्हणते राज्याचा,
राज्य म्हणतं, मुळात हा रस्ता काढला कुणी?

काढला वॉशिंग्टननं. दोनशे वर्षांपूर्वी, डोंगर फोडून.
तेव्हाही लोकांनी हेच विचारलं होतं : कुठं लिहिलंय?
मूळ कागदात अठरा कलमांची यादी.
नाणी पाडा, सैन्य उभारा,
टपालघरं काढा आणि टपालाचे रस्ते.
पिशवीबद्दल अक्षर नाही,
घोड्याच्या चंदीबद्दल नाही,
पिशवी पळवणाऱ्याला बेडी घालावी का, तेही नाही.
फक्त तळाशी, दिवा विझवता विझवता लिहिल्यासारखं :
वरच्या कामांसाठी जे जे आवश्यक आणि उचित, ते.

केवढी गर्दी राहते त्या 'ते'मध्ये.

परतूरच्या शाळेत अष्टपुत्रे बाईंनी
फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : 'ये.'
'यात कर्ता कोण?'
आम्ही फळ्याच्या मागं बघायचे तेवढे राहिलो.
'तू. दिसत नाही, पण त्याच्याशिवाय येणार कोण?
याला म्हणायचं अध्याहृत.'
आणि फळा पुसताना, पाठमोऱ्या :
'म्हणून मनाला येईल तो शब्द घुसडायचा नाही हं.
वाक्य मागेल तेवढाच.'

इथल्या विद्वानांचं भांडण एवढंच तर आहे.
वाक्य किती मागतं.

ट्विग दरवर्षी टाउन हॉलमध्ये उठून बोलतो.
त्याच्या भाषेत तो जे म्हणतो
त्याचं मी मनात मराठी करते :
भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी.
अगदीच चूक नाही त्याचं.
त्याच 'ते'तून बँक निघाली, तुरुंग निघाले,
कुणा शेतकऱ्यानं घरच्या कोंबड्यांसाठी पेरलेला गहूसुद्धा
मोजला गेला.
पण याच रस्त्यावर एकदा उलटंही झालं.
दुरुस्तीसाठी टोल घ्यावा म्हणून कायदा झाला
आणि अध्यक्षांनी तो सही न करता परत पाठवला :
रस्त्याला पैसा देणं वेगळं, रस्त्यावर हुकूम चालवणं वेगळं.
मग राज्यानं रस्ता घेतला, ला व्हेलला नाकं बांधलं.
ते घर अजून उभं आहे.
खड्डेही आहेत.

माझ्या नेमणूकपत्रात लिहिलंय : तक्रारी नोंदवणे.
ऐकून घेणे, असं कुठंच नाही.
तरी मी ट्विगच्या गुडघ्याचं ऐकते,
मुलगा ओहायोला गेला ते ऐकते,
'वॉशिंग्टनला कुणी विचारलं?' ऐकते,
आणि लगेच पुढच्या श्वासात,
'मग वॉशिंग्टन माझा खड्डा का बुजवत नाही?'

गुरुवारी घरी जाताना उतारावर गाडी हळू केली.
ट्विग फावडं घेऊन वाकलेला,
नातू बॅटरी धरून उभा,
उजेड भलतीकडेच.
मी काच खाली केली.
'मिस्टर ट्विग, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?'
त्यानं हात विजारीला पुसले.
'सायकलनं.'

शुक्रवारी एकशे बारासमोर मी लिहिलं : खड्डा बुजवला.
'कोणी' या रकान्यात छोटी आडवी रेघ.
साहेबांनी विचारलंच तर सांगेन,
वाक्य पूर्ण आहे.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
'डांबराची दोन पोती लागली, मॅडम.
पैसे कोण देणार?'