हेल्पर

दार एकच विचारतं: तू कोण?
माझं काम दाराच्या आतल्या बाजूला.
कुलूप माझं नाही, किल्लीही नाही.
परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर दिसू नये,
तपासून झाला की मेमरीतून पुसावा,
चुकला तर नोंद ठेवावी, पण शब्द नोंदवू नये,
असली बारकी कामं.
तीन यंत्रणांसाठी तिघांनी तीनदा लिहिलेली,
एकाच फोल्डरात कोंबलेली.
ओळीओळीला जर-तर:
ही यंत्रणा असेल तर असं, ती असेल तर तसं,
आणि शेवटच्या 'नाहीतर'खाली
कुणीतरी नुसती एक शिवी लिहून ठेवलेली.

अनगोळच्या खोलीत दुपारी
उद्यमबागेतला भोंगा ऐकू येतो.
बाबा अजून त्यावर घड्याळ लावतात.
"काय करूलालीस गं?"
"हेल्पर फायली लावतेय."
खूप हसले.
एकतीस वर्षं ते हेल्परच होते,
लेथच्या उजव्या अंगाला उभे,
हात पुढं आला की त्यात पाना.
बिलावर नाव मिस्त्रीचं.

त्यांच्या दोन पेट्या होत्या.
एक जुन्या विलायती लेथची, इंची.
एक नव्या मशिनांची, मिलीमीटरची.
तिसरं नुसतं घमेलं:
हातोडा, खडू, तेलाची कुपी, चिंधी.
"हातोड्याला माप नसतं," म्हणाले,
"पण दोन्हीकडं चालतंय म्हणून
काहीही घमेल्यात टाकू नको.
तेराचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो की.
फिरतो पण.
चारदा फिरवलास की कोपरे खातो,
मग तो नट कुणालाच सुटत नाही."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.
आठवडाभर मी हेच शोधत होते.
एका यंत्रणेत प्रश्नांची सलग रांग असते,
दुसरीत नुसत्या पत्त्यांची रांग, प्रश्न वेगवेगळ्या घरी.
प्रश्न एकच असला तर दोन्ही सारखंच वाचतात.
दुसरा प्रश्न आला
की एक जण भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

फंडाच्या ऑफिसातही तसंच झालं होतं.
"हेसरू?" खिडकीतल्या हुक्केरीबाईंनी विचारलं.
"भरमा."
इथपर्यंत ठीक.
"पुढचं?"
कंपनीच्या कार्डावर देसूरकर.
रेशनच्या कागदावर, कन्नडात, भरमप्पा देसूर.
'कर' कुठल्या टेबलावर गळला कोण जाणे.
बाबा म्हणाले, दोन्ही मीच.
आधी मराठीत, मग कन्नडात.
दोन्ही भाषांत एकाच आवाजात.
"मला कळतंय की ओ अण्णा," बाई म्हणाल्या,
"कॉम्प्युटरला कळायला पायजे."
शिक्का मारलेल्या कागदावर वकिलानं लिहून दिलं
की वरील दोन्ही इसम एकच आहेत.
बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
पिशवी इंची पाने होते त्या पेटीत.

रात्री मी तीन फोल्डर केले.
दोन यंत्रणांचे दोन, एक समाईक.
समाईकात फार थोडं उरलं:
शब्द पुसणं, वेळ मोजणं, नोंद.
बाकी सगळं, दिसायला जुळं असलं तरी,
आपापल्या पेटीत.
मधे एक पातळ फाईल,
बाहेरून सगळ्यांनी हिलाच हाक मारायची,
कुठली पेटी उघडायची ते ही बघेल.
तिला नाव सुचत नव्हतं.
तात्पुरतं भरमा ठेवलं.
तिसऱ्या यंत्रणेचं काय करायचं ते नंतर,
ती दोघींसारखी अर्धीअर्धी आहे.

चाचण्या लावल्या. हिरवं. हिरवं.
तिसरी दुसऱ्या प्रश्नाशी थांबली,
बराच वेळ नुसतीच लुकलुकत.

आतल्या खोलीतून झोपाळू आवाज:
"बसलं काय गं?"
"बसलं," म्हटलं,
"अजून फिरवून बघायचंय."