आठ कॉलमी

रद्दी सव्वीस रुपये किलो.
नाशिकहून टेम्पोत मोहाडीला आली,
सुतळीनं आवळलेलं दोन हजार तेवीस.
मेव्हणा रंगनाथ म्हणाला, "दाजी, तुमचाच पेपर. बघा."

पाणी उतरायच्या आत घड झाकावे लागतात,
नाहीतर मणी गुलाबी पडतो,
आणि गुलाबी मणी बोटीत चढत नाही.
उंबरठाणची टोळी दोन ओळींमधून पुढं सरकते,
एकीच्या काखेत पेपर, दुसरीच्या हातात स्टेपलर,
खट्, खट्.
मी सातपूरला एकवीस वर्षं रात्रपाळी केली, उपसंपादक.
माझे मथळे असे डोक्याच्या उंचीवर लटकलेले
कधी पाहिले नव्हते.
बरेचसे उलटे.

मेचं पान: दोन हजारची नोट माघारी.
तीही गुलाबीच.
कमळी भोये म्हणाली, "माझ्या हाती एकदाच आलती.
सुट्टे कोणी देईना."

जूनचं पान मी लांबूनच ओळखलं. बालासोर.
त्या रात्री आकडा तीनदा बदलला.
पन्नास. एकशेवीस. दोनशे तेहतीस.
दर वेळी पान थांबवायचं, अंक काढायचे, नवे बसवायचे,
आणि पहाटे दोनला मी ऑपरेटरला विचारलं होतं,
"तीन अंकी मावतोय ना रे त्या जागेत?"
मावला होता.

जुलै. फोटोत अर्धाच डोंगर.
"हे कुठलं?"
"रायगडकडलं. इर्शाळवाडी. रात्री, लोक झोपेत असताना…"
"आमच्या पाड्यावानीच दिसतंय."
तो कागद तिनं घडाला बांधला नाही.
चार घड्या घातल्या, कमरेला खोचला,
आणि पुढचा घेतला.

ऑगस्टात आमच्या ऑफिसात भांडण झालेलं.
यान चंद्रावर उतरलं, आठ कॉलम, चार रंग,
सगळे चहा सोडून टीव्हीपुढं.
पण त्याच आठवड्यात कांद्यावर चाळीस टक्के शुल्क,
लासलगावचे लिलाव ठप्प.
संपादक म्हणाले, देश चंद्रावर आहे.
वितरणवाला म्हणाला, निफाड नाही ना साहेब.
शेवटी वर चंद्र, घडीखाली कांदा.
आज पिन बरोब्बर घडीवर बसलीय.

नोव्हेंबरच्या फायनलला दोन मथळे तयार ठेवले होते.
जिंकल्याचा जास्त चांगला जमला होता.
तो कुठल्याच रद्दीत सापडणार नाही.

गारपिटीचं पान रंगनाथनं पहाटेच गठ्ठ्यातून उपसलं
आणि बंबात घातलं.
"बागेत नाव नको तिचं."
त्याच्या बांधापासून बारा किलोमीटरवरून गेली होती ती.
मी म्हणालो, अरे, छापून झालंय ते.
त्यानं ऐकलं नाही, आणि मलाही बरंच वाटलं.

दुपारी भाकरीनंतर कमळीनं एक पान माझ्यापुढं धरलं,
"ह्याच्यात माणसं हसत्यात. काय लिव्हलंय?"
सतरा दिवसांनी बोगद्यातून एक्केचाळीस मजूर बाहेर.
मोठ्यानं वाचलं. टोळीतल्या दोघीतिघी थांबल्या.
माझाच मथळा, थोडा चढवलेला.
"मंग? परत कामाला गेलं का ते?"

पाठपुरावा म्हणतात त्याला आमच्याकडे.
मी सुतळी सोडून पुढचे दिवस चाळले.
तिसऱ्या दिवशी पान सात, एक कॉलम, तळाला:
तपासणीनंतर मजूर घरी रवाना.
चौथ्या दिवशी काही नाही.
पाचव्याचं पान सात आधीच बांधलं गेलेलं,
कुठल्या ओळीत, कोण सांगणार.

"वाचा की पुढं."
"पुढं बातमी नाही. फ्लॅटची जाहिरात आहे."
तिनं बोटाला लागलेली शाई लुगड्याला पुसली,
वेलीच्या सावलीत फतकल मारली.
"मंग ती वाचा."

गंगापूर रोड, मी वाचू लागलो,
गोदावरीच्या अगदी काठावर,
दोन बेडरूम, हॉल, चोवीस तास पाणी…