सोम, बुध, शुक्र

नवतपा लागला की मोहल्ल्यातले कूलर
माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन पडतात.
तांब्याच्या तारेवरचं इनॅमल
कुठंतरी बोटभर सुटलेलं असतं, बस.
तारेला तार लागते न् घरभर करपट वास.

म्हणून धंतोलीच्या अंजनकर बाई
तुझ्या मेंदूतले पांढरे ठिपके दाखवून
'नसांवरचं आवरण' म्हणाल्या, तेव्हा
मला समजलं, असं मला वाटलं.
तू विचारलंस, "पन खाऊन कोन राहिलं?"
"तुमच्याच पेशी. घरातल्याच."
"मंग सासरच्या असतील,"
म्हणून हसलीस, न् खुर्चीवरून उठताना
डावा पाय तिथंच विसरलीस.

औषध म्हणजे काय, तर चार अमिनो आम्लं.
कारखान्यात ओवलेल्या माळा,
एकीसारखी दुसरी नाही, क्रम नाही, मोजदाद नाही,
फक्त दिसायला जराशा तुझ्या आवरणासारख्या.
चवताळलेल्या पेशी त्यांच्याशी झोंबतात,
झोंबता झोंबता निवतात.
"नेमक्या कशा, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही,"
बाई म्हणाल्या. खरं बोलल्या.
मी मात्र रात्रभर जागा.
चारशे दहा फेऱ्यांत एक चुकला
तरी माझी मोटार कण्हते,
आणि ही बेहिशेबी माळ तुला सांभाळणार?

नाव तूच ठेवलंस. मारबत.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून निघते तसलीच,
बांबूची, कागदाची, खोट्या अंगाची,
गावाचं दुखणं घेऊन जळायला जाणारी.
सुई टोचली की डोळे मिटून म्हणतेस,
"घेऊन जा वं मारबत."

सोम, बुध, शुक्र.
मांडी, पोट, दंड, मग दुसरी मांडी.
कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली
तुझ्या गाठींचा हिशेब.
पत्रकात लिहिलंय, टोचण्याआधी वीस मिनिटं
खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
कोणत्या खोलीच्या, बाप्पा?
मे महिन्यात आमच्या भिंतीला हात लावला
तर तिलाच ताप आहे.

परवा दुपारी लाइन गेली, चार तास.
सिरिंजा स्टीलच्या डब्यात घालून
मी सायकलीवर कवडूजी बर्फवाल्याकडे.
"औषध हाय का आइसकांडी?" त्यानं विचारलं,
पण लादी फोडून दिली, पैसे घेतले नाहीत.
तिकडं तू ओलं लुगडं अंगावर घेऊन फरशीवर.
उन्हानं तुझी नजर दुभंगते.
मी परतलो तर म्हणालीस,
"दोघं दोघं काहून आले?"

बरं होणार नाही, हे आपण एकदाच बोललो.
पुढचा झटका लांबेल. लांबावा.

आज संध्याकाळी मी तार भरत होतो,
तीनशे सदुसष्ट, तीनशे अडुसष्ट,
तू दारातून ओरडलीस,
"आयकता का? चप्पल सुटली माह्या पायातली,
न् मले समजली!"

आकडा गेला.
उलगडली सगळी तार,
न् पुन्हा एकपासून.