आस

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या माळ्यावर,
मुर्तझाभाई काचेची पेटी उघडून दाखवतो.
आत पंखे गुलाबी, जांभळे, हिरवे,
लग्नाच्या बँडमागच्या छत्र्यांसारखे फिरणारे.
"दिवे नकोत," मी म्हणते.
"मॅडम, दिवे फुकट आहेत."
"फुकटचेही नकोत."

माझ्या वहीत तीन लाख चाळीस हजार.
त्यातले ऐंशी केतनच्या सासूबाईंचे, दिवाळीपर्यंत परत.
तो चौसष्ट कोरांचं कौतुक लावतो.
मी सांगते, आमच्या सॉल्व्हरचा परवाना चारांचा,
उरलेले साठ काय, वरातीत नुसते चालणार?
थोडेच द्या, पण पायाचे चपळ.
आणि मेमरी अशी, की अख्खी जाळी मावेल,
मधेच डिस्कवर सांडणार नाही.
तीही चूक ओळखणारी.
अंधारात एखाद्या शून्याचा एक झाला
तर स्वतःच पकडून जागेवर बसवणारी.
"महाग पडते ती," तो म्हणतो,
"अशी चूक वर्षातून एखादी होते."

एखादीच झाली होती, मुर्तझाभाई.

ससून डॉकला, वैती नाखवाच्या ट्रॉलरवर,
विंचचा ब्रॅकेट.
ड्रॉइंगवर माझी सही, निळ्या शाईत.
जुनं मशीन बारीक जाळीला धापा टाकायचं,
अकरा तास चालून मेमरी संपली म्हणून बसायचं,
आणि सोमवारी माल द्यायचा होता.
मी जाळी पाच मिलिमीटरची केली.
वीस मिनिटांत उत्तर. सगळं हिरवं.
हिरव्यावर कोण शंका घेतं?

तडा वेल्डच्या कोपऱ्यातून गेला.
खलाशी डहाणूचा, चिंतामण.
उजव्या हाताची दोन बोटं.
केतन म्हणाला, लोखंडच भेसळीचं होतं.
असेलही.

नाखवा ओरडला नाही.
धक्क्यावर जाळं शिवत बसला होता, शिवतच राहिला.
"बाई, जाळ्याच्या भोकाला आम्ही आस म्हणतो.
आस मोठा ठेवला की कोळंबी जाते निघून,
आणि आपण म्हणतो, दर्यात कोळंबीच नाही.
तुमच्या कंप्युटरातही जाळी असते म्हणता,
तिचा आस केवढा?"
पाच मिलिमीटर, मी म्हणाले.
त्याने स्वतःच्या नखाकडे पाहिलं.
फक्त पाहिलं.

आता शिवडीच्या गाळ्यात काळी पेटी, बिनदिव्यांची.
विजेचा मीटर पळतोय.
पहिल्याच रात्री तोच ब्रॅकेट टाकला.
दोन मिलिमीटर: कोपऱ्यात पिवळं.
एक: नारिंगी.
अर्धा: लाल, तडा गेला नेमका तिथे.
पाव: आकडा आणखी वर.
त्याच्या निम्मं: आणखी वर.
थांबेचना.
टोकदार कोपऱ्याचं असंच असतं, कॉलेजात शिकले होते,
जितकं जवळून पाहाल तितकं वाढत जातं,
तळ लागत नाही.
मार्क पडले होते त्या प्रश्नाला, पैकीच्या पैकी.

सकाळी बाबल फिटर चहा घेऊन आला,
पडद्याकडे बघत ग्लास ठेवला.
"कानस मारून गोल करूया, म्हणालो होतो."
म्हणाला होता. याच टेबलाशी उभा राहून, दोनदा.
मी तेव्हा हिरवं बघत होते.

सहा मिलिमीटरची गोलाई दिली. पुन्हा लावलं.
एक, अर्धा, पाव...
आकडा एका जागी येऊन बसला,
हमाल ओझं उतरवून बसतो तसा.

पेटीची पावती फायलीत लावली आहे.
त्याच फायलीत डहाणूचा एक पत्ता,
नाखवाच्या अक्षरात, मासळीच्या वासाचा.
तिथे किती पाठवायचे
ते गणित अजून मांडलेलं नाही.