शेवटून दुसरा प्रश्न

मस्केगॉनला त्या दिवशी उणे अकरा होतं,
सरोवरावरून बर्फ आडवा येत होता, शाळा बंद,
आणि मी आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
हेडफोन लावून, एकवीस पानी फॉर्म उघडून
टेसा होक्स्ट्राला अंड्यांबद्दल विचारत होते.

कच्ची? अर्धी कच्ची? कुठल्या दुकानातली?
टोमॅटो चिरलेले आणलेत की सबंध?
चिकन कुणी धुतलं, ते पाणी कुठे उडालं?
ती आठवत होती. बिचारी खरंच आठवत होती,
दहा दिवसांपूर्वीचं दुपारचं जेवण
एका पायाच्या हरवलेल्या मोज्यासारखं शोधत होती.
मधेच थांबायची. मागे इस्पितळातलं मशीन
बीप, बीप.
बाळ पाच महिन्यांचं. जंतू रक्तात उतरलेले.
नाव कोर्नेलियस. "पण आम्ही नील म्हणतो."
त्याला फॉर्मवर रकाना नव्हता,
मी समासात लिहिलं.

घरात प्राणी?
हा शेवटून दुसरा प्रश्न.
"नाही. कुत्रा होता, मागच्या वर्षी गेला."

आणि फोनपासून लांबून, सात वर्षांचा आवाज:
"आणि बिस्किट?"

बिस्किट म्हणजे बेडूक.
अंगठ्याच्या पेराएवढा, राखाडी, आफ्रिकी जातीचा,
वाढदिवसाला आलेला, कायम पाण्यातच राहणारा.
डरांव करत नाही. रात्री गुणगुणतो,
जुना फ्रिज गुणगुणतो तसा.
"तो प्राण्यांत धरायचा का?" टेसाने विचारलं.
"त्याला तर कुणी हातसुद्धा लावत नाही."

पाणी कोण बदलतं?
मीच. रविवारी, चर्चहून आल्यावर.
जुनं कुठे ओतता?

इथे ती गप्प झाली.
आणि मला ते सिंक दिसलं, कधीच न पाहिलेलं:
पिवळा स्पंज, काच घासायचा ब्रश,
बाजूला टॉवेलवर पालथ्या घातलेल्या
दुधाच्या चार बाटल्या, रबरी बुचं,
सगळं उकळून घेतलेलं,
सगळं लख्ख.

आम्हाला शिकवलंय, "चूक" म्हणायचं नाही.
"तुमच्यामुळे" तर नाहीच नाही.
"संभाव्य संपर्क" म्हणायचं.
म्हटलं.

मुलीने फोन मागून घेतला.
"बिस्किट आजारी आहे का?"
नाही गं. त्याला काहीच झालेलं नाही.
"मग?"
मगचं उत्तर पान एकोणीसवर नाही, विसावरही नाही.
मी साबणाचं सांगितलं. वीसपर्यंत मोजायचं, सावकाश.
पाणी स्वयंपाकघरात आणायचं नाही.
बाळाच्या खोलीत तर मुळीच नाही.
"पण तो नीलच्याच खोलीत असतो," ती म्हणाली,
"त्याच्या आवाजाने नील झोपतो."

मग पुन्हा आई.
शेवटचा प्रश्न राहिला होता:
टाकीतल्या पाण्याचा नमुना घ्यायला
कुणाला घरी पाठवलं तर चालेल का?

"पाठवा," टेसा म्हणाली, एकदम हळू आवाजात.
"पण हिची शाळा सुरू झाल्यावर.
दुपारी तीनच्या आत."