अठरा टक्के

कोल्चानीत आम्ही मिठाचे ढीग करतो,
खोऱ्यानं ओढून, कमरेएवढे, टोकदार,
पाणी निथळावं म्हणून.
माझी आई सातुर्निना एकतीस वर्षं हेच करते.
काळा चष्मा, तोंडावर लोकरीचा मुखवटा, वर रुंद हॅट.
उन्हात तिचं बोटभर अंगही दिसत नाही.

कॅमेरा कोणा प्रवाशानं जीपमध्ये विसरलेला.
दोन वर्षं कोणी मागायला आलं नाही
तेव्हा मामानं माझ्या हातात ठेवला.

पहिला फोटो:
मीठ राखेच्या रंगाचं,
राखेत एक काळा डाग.
डाग म्हणजे आई.

उयुनीच्या चौकात एलेउतेरियो मास्तर
पेटीच्या कॅमेऱ्यानं ओळखपत्रांचे फोटो काढायचे.
आता पेटीत कोंबड्यांचं खाद्य असतं.
म्हणाले, नेलिदा, हा बिघडलेला नाही, भाबडा आहे.
आतला कारकून जन्मात मिठावर आलेला नाही.
त्याला एवढंच पढवलंय, की जग राखाडी असतं,
पडल्या उजेडातला अठरा टक्के परत करतं.
मीठ दाखव, कोळसा दाखव,
दोन्हीची तो राखच करणार.
सब घोडे बारा टक्के म्हणतात ना,
याचे अठरा.

मग कारकुनाला विचारायचं कसं?
हे चौकटभर जाळीचं चिन्ह, म्हणजे गावसभा.
कोपऱ्यातल्यालाही विचारतो, बेरीज करतो, निकाल देतो.
रोजच्या कामाला ठीक.
पण सभेत नव्वद जण मीठ असतील
तर तुझ्या आईचं कोण ऐकणार?
हे दुसरं: मध्ये बसलेल्याचा शब्द जड,
कडेचे नुसते खोकतात.
आणि हा ठिपका.
मास्तरांनी मूठ वळून तिची दुर्बीण केली,
मोतीबिंदूचा डोळा मिटला, चांगल्या डोळ्याला लावली.
हा एकालाच विचारतो. बाकी जग गेलं खड्ड्यात.
कोणाला विचारायचं, ते मात्र तू ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी, भर बारा वाजता,
आईला म्हटलं, मुखवटा काढ.
कुरकुरली. काढला.
ठिपका तिच्या गालावर ठेवला,
बटण अर्धं दाबून श्वास धरला, मग पूर्ण.

आली!
हॅटच्या सावलीतून सगळी आली:
ओठांच्या भेगा, भुवईत अडकलेला मिठाचा कण,
चष्म्यानं झाकलेली, म्हणून कोवळी राहिलेली
डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं.
मागे काहीच नव्हतं. पांढरं. कोरा कागद.

तिनं पडद्यावर हात आडवा धरून पाहिलं. खूप वेळ.
वाटलं, म्हणेल, किती म्हातारी दिसते मी.
म्हणाली,
ढीग कुठे गेले?
सकाळपासून बावीस केले होते.

मी सांगायला गेले, गावसभा, ठिपका, कारकून.
खाल्ल्या मिठाला जागावं, एवढंच म्हणाली,
आणि मुखवटा चढवून खोरं उचललं.

मास्तरांकडे परत गेले. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते.
मान वर न करता म्हणाले,
दोन्ही हवं? त्याचं चिन्ह नाही कॅमेऱ्यावर.
सूर्याला खाली येऊ दे.

साडेसहाला ऊन आडवं आलं,
हॅटच्या काठाखालून आत शिरलं.
मीठ गुलाबी, थोडं नरमलेलं,
आईचा गाल तांब्याचा,
दोघांत आता फार अंतर नव्हतं.
मी ठिपका आधी तिच्यावर ठेवला, मग ढिगावर,
आकडे जवळजवळ सारखे.
जाळीच ठेवली शेवटी. सभा भरू दे म्हटलं.

ती चौतिसावा ढीग बांधत होती.
थांब म्हटलं तर थांबली नाही.
हात हलला आहे फोटोत.
ढीग मोजता येतात.