सेकंदाला अकरा लिटर

नेलिदा बार्रासाच्या ऑफिसातली खोकी
मी आज मोजली. एक्केचाळीस.
त्यातल्या सदतीस खोक्यांवर एकाच झऱ्याचं नाव.
आणि झरा केवढा,
तर पिकअपच्या टपावर उभं राहिलं
की एका नजरेत सुरू होऊन संपतो.

मी तिचा ड्रायव्हर. सव्वीस वर्षं.
आन्तोफागास्ताहून पहाटे चारला निघायचं,
कलामात पेट्रोल, पावात कुस्करलेला अवोकाडो,
मग उजवीकडे मीठ, डावीकडे मीठ
आणि शेजारच्या सीटवर ती,
मांडीवर फाइल, ओठ हलवत
लहान पोर पाढे म्हणते तशी कलमं पुटपुटणारी.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती चढत राहिली, गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत.

आमच्याकडे पाणी जमिनीपासून वेगळं काढता येतं,
अंड्यातून बलक काढावा तसं.
इतके लिटर, दर सेकंदाला,
असं एका कागदावर लिहायचं, शिक्का मारायचा.
झरा जागेवरच राहतो.
त्याच्याजवळ राहणाऱ्यांनी
त्याच्याकडे नुसतं बघायचं.

हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.
पहिली पाच वर्षं तसले कागद तिनेच केले,
खाणीच्या बाजूने.
काचेची इमारत, समुद्राकडे तोंड, पगार वेळेवर.
दोन्या एउदोसिया पुकाचा अंगठा
तिनेच मनगट धरून उमटवला, निळ्या शाईत.
लोक हक्कावर पाणी सोडतात.
एउदोसियाने पाण्यावरचा हक्क सोडला
एका फ्रिजसाठी,
आणि गावात तेव्हा वीज नव्हती.

हे मला बाईंनी नाही, म्हातारीनेच सांगितलं,
फ्रिजचं दार उघडून दाखवताना.
आत किन्वाच्या बियाण्याच्या पिशव्या.
"उंदीर लागत नाहीत," म्हणाली,
आणि इतकी हसली
की मला कुठे बघावं कळेना.
बाहेर नेलिदा कोरड्या पाटात उभी होती,
बुटाच्या टोकाने मिठाचा पापुद्रा सोलत.

खटला चौदा वर्षं चालला.
नकाशे, विहिरींचे आकडे,
सांतियागोहून विमानाने येणारे तज्ज्ञ,
त्यांना उंचीवर लागणारी धाप.
मग एका सुनावणीत समोरच्या वकिलाने
तो जुना कागद वर धरला.
अंगठ्याखाली साक्षीदाराची सही:
ने. बार्रासा.

न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले.
तिने काळा कोट काढला,
घडी घालून युरी तिकोनाच्या खुर्चीवर ठेवला
(पोरगा तेव्हा अठ्ठावीसचा, घामाघूम)
आणि म्हणाली, आता मी वकील नाही,
मला साक्ष द्यायची आहे.
कागद मी तिला वाचून दाखवला नव्हता.
तिने विचारलं होतं, यात काय लिहिलंय.
मी म्हटलं, फ्रिजची पावती.

त्यानंतर दीड वर्ष सनद निलंबित.
आम्ही तरी जात होतोच दर महिन्याला,
बारा लिटरची बादली आणि स्टॉपवॉच घेऊन.
वकील नसलेल्या बाईला
पाणी मोजायला कोणी अडवू शकत नाही.

निकाल लागला तेव्हा
एउदोसियाला जाऊन सहा वर्षं झाली होती.
तिचा नातू खाणीत डंपर चालवतो;
त्याने फोनवर ऐकून घेतलं,
म्हणाला, शिफ्ट सुरू होतेय.
अकरापैकी चार लिटर परत.
वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, डोळे मिटलेले.

परवा शेवटची फेरी केली.
चार लिटर म्हणजे बादली तीन सेकंदांत भरायला हवी.
मी स्टॉपवॉच धरलं.
चार सेकंद लागले.
परत धरलं. चार.
"ओस्वाल्दो," ती म्हणाली,
"कुठेतरी पाणी मुरतंय."
आणि पेट्रोलच्या पावतीमागे
आकडा, तारीख, वेळ लिहून
पेन्सिल कानामागे खोचली,
निवृत्तीच्या समारंभाला दोन दिवस उरलेले असताना.

ती पावती मी कुठल्याच खोक्यात टाकलेली नाही.
डॅशबोर्डवर आहे, उन्हात पिवळी पडतेय.
युरीला सांगायचंय.